दारावरचा पिवळा-पांढरा कागद : मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी पिकअप निवडताना

आपल्याकडे ‘पिकअप’ म्हटले की पहाटे बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र पिकअप ही घरची गाडी असते. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून, म्हणजे साडेचार दशकांहून अधिक काळ, तेथील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आली आहे. आणि हे ट्रक घेणाऱ्यांत शेतकरी वा कंत्राटदारांइतकेच शाळेत मुलांना सोडणारे आईवडीलही असतात. या ट्रकमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणीघर अशी सर्व सोय असलेले पंचवीस ते पस्तीस फूट लांबीचे हे घर घेऊन उन्हाळ्याच्या सुटीत यलोस्टोन वा ग्रँड कॅन्यनकडे निघायचे, ही तेथील मध्यमवर्गाची जुनी हौस. अमेरिकेत स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबेही आता या वाटेला लागली आहेत. भारतातून आलेल्या आईवडिलांना हॉटेलातले खाणे मानवत नाही. स्वतःचे स्वयंपाकघरच सोबत असले तर वरणभाताचा प्रश्न सुटतो, हा त्यामागचा सरळ हिशेब!

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असले, तरी आपल्याकडे दिसणाऱ्या कॅरॅव्हॅन बहुतांशी एकसंध मोटारी असतात. मागे चार टनांचे घर ओढत नेण्याचा अनुभव आपल्याला नाही. त्यामुळे ट्रक घेताना आपला माणूसही तीच चूक करतो, जी तेथे जन्मलेले हजारो लोक करतात. जाहिरातीतला एक मोठा आकडा पाहून तो सौदा करतो.

हा आकडा म्हणजे ओढण्याची कमाल क्षमता. ज्याला ‘हाफ टन’ म्हणतात त्या वर्गातील एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० यांसारख्या ट्रकांच्या जाहिरातींत हा आकडा ११ हजार, १२ हजार, क्वचित १३ हजार पौंडांच्याही पुढे गेलेला दिसतो. (एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.) ग्राहक पाहतो, की आपला ट्रेलर तर भरल्यावरही साडेआठ हजार पौंडांचा, म्हणजे दोन-अडीच हजारांची सवड आहे. विक्रेताही मान डोलावतो. आकडा खोटा नसतो. पण तो गाठण्याच्या कितीतरी आधी ट्रकची दुसरी एक मर्यादा संपते, आणि तिच्याविषयी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत काही छापलेले नसते.

उलाळ आणि धुरजड

ही दुसरी मर्यादा समजून घ्यायला आपली बैलगाडी पुरेशी आहे. दोन चाकांच्या गाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जुपण्यांचा फास बसतो. ओझे पुढे फार झाले की गाडी धुरजड होते आणि सारा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवतो. ट्रॅव्हल ट्रेलरचेही तंतोतंत हेच आहे. त्याची चाके मध्याच्या जरा मागे असतात आणि पुढची दांडी ट्रकच्या मागील आकड्यावर टेकते. त्या आकड्यावर येणाऱ्या उभ्या भाराला ‘टंग वेट’ म्हणतात. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा सर्वमान्य दंडक आहे.

भार त्याहून कमी राहिला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, तर वेग वाढताच तो शेपटीसारखा डोलू लागतो. वाऱ्याचा एक झोत किंवा शेजारून झपाट्याने गेलेला मालट्रक एवढे निमित्त पुरते. हे डोलणे वाढत जाऊन ट्रकलाच आडवे करू शकते. म्हणून भार कमी करून ट्रकची सोय पाहण्याचा मार्ग बंद. आठ हजार सहाशे पौंडांचा ट्रेलर असेल तर १३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १,११८ पौंड ट्रकच्या पाठीवर येणारच. बैलांच्या मानेसारखी ट्रकचीही सोसण्याची हद्द असते. तिचे नाव पेलोड.

पेलोड म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर वाहायचे वजन. त्यात चालकासह सर्व माणसे आली, हौद्यातले सामान आले, नंतर बसवून घेतलेले झाकण वा पायऱ्या आल्या आणि टंग वेटही आले. प्रत्येक ट्रकच्या चालकाच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा एक छोटा कागद चिकटवलेला असतो. माणसे व सामान मिळून एकूण वजन अमुक किलोग्रॅम किंवा अमुक पौंडांहून अधिक होता कामा नये, असे त्यावर लिहिलेले असते. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या विशिष्ट ट्रकचा असतो, हे त्याचे महत्त्व. एकाच दुकानात, एकाच नावाचे, शेजारी शेजारी उभे असलेले दोन ट्रक पाहावेत. एकाच्या कागदावर १,९०० पौंड, तर दुसऱ्याच्या कागदावर १,४०० पौंड असू शकतात. काचेचे छत, चामड्याच्या विजेवर हलणाऱ्या खुर्च्या, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा यांचे वजन पेलोडमधूनच वजा होते. ट्रक जितका ऐटबाज, तितकी त्याची पाठ कमकुवत, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, नवरा-बायको, एक मूल आणि भारतातून आलेले आजी-आजोबा अशी पाच माणसे आहेत. त्यांचे वजन ६९० पौंड. टंग वेट १,११८. वजन विभागणारा आकडा, त्याच्या दांड्यांसह, ९० पौंड. हौद्यात जनरेटर, घडीच्या खुर्च्या, शेगडी असे १५० पौंड. बेरीज २,०४८ पौंड, म्हणजे जवळजवळ ९३० किलो. आणि दारावरच्या कागदावर १,५५० पौंड लिहिलेले आहेत. जाहिरातीच्या ११ हजारांपैकी २,४०० पौंड अजून शिल्लक असताना हा ट्रक प्रत्यक्षात पाचशे पौंडांनी ओव्हरलोड झाला आहे! आजी-आजोबांनी मागे ट्रेलरमध्ये आडवे व्हावे, ही सूचनाही कामाची नाही. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास बहुतेक राज्यांत कायद्याने मनाई आहे.

याचा परिणाम लगेच दिसत नाही, हेच घातक. ट्रक ट्रेलर ओढतो, चढही चढतो. मात्र मागील टायर आणि ॲक्सल मर्यादेबाहेर तापतात, पुढची चाके हलकी होऊन सुकाणूची पकड सैल होते, आणि अचानक ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हा अंतर पुरत नाही.

मग कंपन्या तो मोठा आकडा देतात कसा? पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने क्षमता ठरवीत असे. पुढे मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने ‘जे २८०७’ नावाची कसोटी तयार केली. टोयोटाने ती प्रथम, २०११ च्या मॉडेलपासून, स्वीकारली. इतर मोठ्या कंपन्या त्यानंतर काही वर्षांनी आल्या. या कसोटीत ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ताशी किमान ४० मैल वेगाने चढावा लागतो. कसोटी कडक आहे, यात शंका नाही. पण त्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात आणि टंग वेट दहा टक्केच. आजी, आजोबा आणि जनरेटर त्या हिशेबात नाहीत.

ट्रेलरच्या माहितीपत्रकातही अशीच एक गोम असते. त्यात ठळकपणे छापलेले ‘कोरडे वजन’ म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचे वजन. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंड भरतो. चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांहून अधिक वाढले. दांडीवर बसवलेले गॅसचे दोन सिलिंडर, बॅटरी, भांडीकुंडी, कपडे, किराणा हे सारे निराळे. कुकर, मिक्सर आणि दहा किलो तांदूळ घेतल्याशिवाय आपले कुटुंब निघत नाही, हे कोणा अमेरिकन विक्रेत्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल स्थूल वजनाने करावा. म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

हाफ टन की त्यापुढचा?

हाफ टन, थ्री-क्वार्टर टन आणि वन टन ही नावे आता केवळ रूढ आहेत; प्रत्यक्ष वजनाशी त्यांचा संबंध उरलेला नाही. नावापुढे १५० वा १५०० असेल तर पहिला वर्ग, २५० वा २५०० असेल तर दुसरा, ३५० वा ३५०० असेल तर तिसरा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. टोयोटा टॅकोमासारख्या मध्यम आकाराच्या पिकअपचा मोठ्या ट्रेलरसाठी विचारच करू नये.

सात हजार पौंडांच्या आतला ट्रेलर आणि तीन-चार माणसे असतील तर नीट निवडलेला हाफ टन ट्रक उत्तम. तो शहरात चालवायला सुखद, इंधनालाही बरा. मात्र ट्रेलर आठ हजारांच्या पुढे गेला आणि माणसे पाच झाली की प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या वर्गाखाली उतरू नये. येथे आणखी एक खाच आहे. अमेरिकेत ट्रकच्या भरलेल्या एकूण वजनाची दहा हजार पौंड ही एक वर्गसीमा आहे आणि थ्री-क्वार्टर टनाचे अनेक ट्रक नोंदणीच्या सोयीसाठी त्या सीमेच्या आत ठेवलेले असतात. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कित्येकशे पौंड जड. परिणामी हौसेने महागडे डिझेल घेतलेल्या २५० वा २५०० ट्रकच्या दारावर दोन-सव्वादोन हजार पौंडच लिहिलेले आढळतात. म्हणजे वरील कुटुंबाला जेमतेम पुरतील इतके. त्याच दुकानातील पेट्रोलचा थ्री-क्वार्टर टन किंवा एकेरी मागील चाकांचा वन टन ट्रक साडेतीन हजारांच्या आसपास वाहू शकतो. वन टनाची किंमत थोडीच अधिक असते; रिकामा चालवताना तो अधिक आदळतो, ही त्याची खरी किंमत.

डिझेल मग घ्यावेच कशासाठी? डोंगरासाठी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फूट उंचीला सुमारे तीन टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोमध्ये आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तेथे पोचेपर्यंत अशा इंजिनाची एक-तृतीयांश ताकद हवेत विरलेली असते. टर्बो असलेल्या इंजिनांना, मग ते डिझेल असो वा पेट्रोल, हा तोटा बराच कमी जाणवतो. डिझेलचा दुसरा गुण उतारावर दिसतो. त्याला एक्झॉस्ट ब्रेक असतो, जो इंजिनाच्याच अडवणुकीने वेग धरून ठेवतो आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, असे खंडाळ्याचे जुने ड्रायव्हर क्लीनरला बजावत. त्याचीच ही यंत्रावर सोपवलेली आवृत्ती म्हणावी. टेक्सास वा फ्लोरिडाच्या सपाटीवर वर्षातून दोन सहली करणाऱ्याने मात्र डिझेलवर ज्यादा हजारो डॉलर घालू नयेत.

विजेवरील पिकअप ट्रेलर सहज ओढतात. प्रश्न ताकदीचा नाही. मोठा ट्रेलर मागे असताना त्यांचा पल्ला साधारण निम्म्यावर येतो आणि अनेक चार्जिंग स्थानकांवर ट्रेलर सोडल्याशिवाय ट्रक उभा करता येत नाही. पेट्रोल ट्रकचीही गॅलनमागे आठ-दहा मैलांवर बोळवण होते, पण पंप वाटेत भेटतो.

जोडणीचे काही

आठ हजार पौंडांचा ट्रेलर नुसत्या गोळ्यावर अडकवून नेऊ नये. वजन विभागणाऱ्या आकड्याच्या दोन पोलादी दांड्या तरफेसारखे काम करून मागे दबलेला ट्रक सावरतात आणि पुढच्या चाकांवरचा उचललेला भार परत आणतात. त्याने पेलोड वाढते, असा एक लाडका गैरसमज आहे. भार फक्त वाटला जातो. त्याचा थोडासा हिस्सा तेवढा ट्रेलरच्या चाकांकडे परततो. ट्रकच्या मागच्या जोडणीवरही तिच्या स्वतःच्या मर्यादेचे लेबल असते, तेही वाचावे.

ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी हवे. ट्रेलर डोलू लागला तर ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नये, वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, सुकाणू सरळ धरून, हाताने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत. ही कळ कोठे आहे ते निघण्यापूर्वी बोटांना माहीत असले पाहिजे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि दहा हजार पौंडांहून अधिक क्षमतेच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेगळा परवाना लागतो. इतर राज्यांचे नियम निराळे आहेत, ते त्या त्या परिवहन विभागाकडे पाहावेत.

ट्रक विकत घेताना दुकानातील ज्या गाडीवर सही करायची, तिच्याच दारावरील कागदाचे छायाचित्र काढून घरी हिशेब करावा. ‘याच मॉडेलची दुसरी गाडी मागवून देतो’ असे कोणी म्हटले तर त्या दुसऱ्या गाडीचा कागद पुन्हा पाहावा. आणि पहिल्या सहलीच्या दिवशी पाणी, गॅस, सामान, माणसे असे सर्व भरून जवळच्या ट्रक थांब्यावरील वजनकाट्यावर जावे. मालट्रकवाल्यांचे हे काटे महामार्गांवर जागोजाग आहेत, आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल व ट्रेलर यांची वेगवेगळी वजने थोडक्या डॉलरांत छापून मिळतात. मागच्या ॲक्सलचा आकडा मर्यादेबाहेर दिसला, तर प्रथम ट्रकच्या हौद्यातील जनरेटर ट्रेलरच्या चाकांच्या वरच्या भागात हलवावा, पाण्याची टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरण्यासाठी रिकामी करावी, आणि टंग वेट दहा टक्क्यांखाली गेलेले नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा काट्यावर यावे.