रत्नागिरीचे कष्टकरी हात आणि अडकणारे बोट

रत्नागिरी जिल्ह्याचे अर्थकारण शतकानुशतके माणसाच्या मुठीवर उभे राहिले. यंत्रे येण्यापूर्वी जांभ्याचे चिरे हातानेच तोडले जात, नायलॉनचा धागा रूढ होण्यापूर्वी सुताची व तागाची जाळी गाठीगाठीने विणली जात आणि घरोघरी विळीवर नारळ खवणे, अडकित्त्याने सुपारी कातरणे ही रोजचीच कामे होती. जाळे विणताना बांबूच्या सुईने ओढलेला धागा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट दाबून धरावा लागतो आणि ही पकड प्रत्येक गाठीला नव्याने आवळावी लागते. अशा हातांना होणाऱ्या विकारांचा इतिहास हा या प्रदेशाच्या श्रमाच्या इतिहासाचाच भाग आहे.

त्यांपैकी एक विकार म्हणजे बोट अडकणे, ज्याला आज वैद्यकीय व्यवहारात ट्रिगर फिंगर म्हणतात. यात वाकवलेले बोट सरळ करताना मध्येच अडते आणि जोर लावताच खट्‌कन सुटते. सकाळी हा त्रास अधिक जाणवतो. कष्टाची पकड हे त्याचे एकमेव कारण नव्हे, कारण मधुमेह, संधिवात व थायरॉइडचे विकार असलेल्यांत आणि पन्नाशी-साठीच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो, तर अनेकदा निश्चित कारण सापडतच नाही.

कोकणात सांधा आखडला की निगडीचा पाला गरम करून शेकणे, तेल चोळणे, बिब्ब्याचा चटका देणे किंवा डागणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. डागण्यामागे शास्त्रीय परंपराही होती, कारण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्माचा, म्हणजे तापवलेल्या साधनाने डाग देण्याचा, विधी सांगितला असून स्नायू व सांधे यांतील तीव्र वातवेदनेसाठी तो योग्य मानला आहे. शेकाने ताठरपणा काही काळ सैल होतो, हे खरे. परंतु डागल्याने होणारी जखम, विशेषतः मधुमेही रुग्णात, मूळ विकाराहून घातक ठरू शकते. शिवाय खटका बोटाच्या मधल्या पेराशी जाणवत असल्याने चोळणे व ओढणे तिथेच होत असे, अडथळा मात्र दुसरीकडेच असे.

तो अडथळा नेमका कुठे असतो, याचा उलगडा युरोपात 1850 मध्ये झाला. फ्रेंच वैद्य आल्फोन्स नोता यांनी कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीवर, आलेल्या गाठीचे वर्णन केले. बोट वाकवणारी कंडरा तळव्यात बोटाच्या मुळाशी एका तंतुमय कड्याखालून सरकते, ज्याला शरीररचनाशास्त्रात कप्पी म्हणतात. कंडरा किंवा कडे जाड झाले की गाठ पडलेला दोर जसा कप्पीत अडतो तसे बोट अडते. म्हणूनच परीक्षक तळव्यावरील आडव्या रेषेजवळ अंगठा टेकवून रुग्णाला बोट हलवायला सांगतो, तेव्हा सरकणारी गाठ त्याच्या स्पर्शाला कळते.

जागा कळल्याने उपचारही बदलले. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन वापरले, 1950 मध्ये त्यांना अन्य दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1953 मध्ये हस्तशल्यविशारद स्टर्लिंग बनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या विकारांत हायड्रोकॉर्टिसोन वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. बोटाच्या मुळाशी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडतो, मात्र मधुमेहींत यश कमी मिळते आणि काही दिवस रक्तातील साखर वाढते. जोडीला, बोट पूर्ण वाकू न देणारी पट्टी सहा ते दहा आठवडे बांधली जाते. तज्ज्ञ उपचारासाठी मुंबई गाठणे ही ज्या कोकणात जुनी रीत होती आणि जिथे रेल्वे 1998 मध्ये पूर्णपणे सुरू झाली, तिथे बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होणाऱ्या या उपचाराचे मोल मोठे आहे.

या उपायांना हाताच्या विश्रांतीची जोड लागते आणि तीच कष्टकऱ्याला सर्वांत महाग पडते, कारण हात थांबला की मजुरी थांबते. म्हणून हत्याराची मूठ जाड व मऊ करणे, कामाची पाळी बदलणे आणि खटका सुरू होताच तपासणी करणे, ही उपचाराचीच अंगे मानली पाहिजेत. बोट सरळच होईनासे झाले, तर मात्र शस्त्रक्रिया टाळण्याच्या हट्टापायी सांधा कायमचा आखडू देणे हा हाताशी केलेला अन्याय ठरेल.