बारा वर्षं जपलेलं रक्त

मागच्या वर्षी आजीला न्यूमोनिया झाला, तेव्हा हॉस्पिटलात तिच्या उशाशी मी आठ रात्री काढल्या. न्यूमोनिया म्हटलं की आपल्याला आठवतो गारठा, पावसात भिजणं. वॉर्डातला शॉवर कुणाला आठवतो? मला तर नाहीच. म्हणून आजची गोष्ट.

जुलै 1976. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ संघटनेचं अधिवेशन झालं. घरी परतल्यावर माणसं तापाने फणफणली. 182 जण आजारी पडले, त्यातले 29 दगावले. कारण काय? महिनोन्‌महिने कुणाला सापडेना. डिसेंबरच्या सुट्ट्यांत सीडीसी या सरकारी संस्थेतल्या जोसेफ मॅकडेड यांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आधी ‘कचरा असेल’ म्हणून सोडून दिलेले काडीसारखे जिवाणू त्यांनी या वेळी सोडले नाहीत. जानेवारी 1977 मध्ये जगाला उत्तर मिळालं. पुढे या जिवाणूचं नाव पडलं लिजिओनेला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला खिळवून ठेवलं ते पुढच्या भागाने.

1965 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात असाच न्यूमोनिया पसरला होता. 81 रुग्ण, 14 मृत्यू. आवारात स्प्रिंकलरसाठी खोदकाम चालू होतं, आणि उघड्या खिडकीजवळ झोपणारे जास्त आजारी पडले, एवढंच तेव्हा कळलं. फाईल बंद झाली. पण कुणीतरी एक शहाणपणा केला: रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले. बारा वर्षांनी ते तपासले, तर काय? तोच जिवाणू! म्हणजे आजाराला नाव मिळालं हॉटेलातल्या पाहुण्यांमुळे, पण त्याआधीच तो रुग्णालयात माणसं मारून गेला होता.

मग प्रश्न आला, हा राहतो कुठे? 1980 मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी छापलं, की मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या विभागात तो चक्क शॉवरमध्ये सापडला. कोमट पाणी त्याला मानवतं, साधारण 20 ते 45 अंश. न वापरलेल्या पाइपात पाणी साचलं, आत बुळबुळीत थर बसला, की त्याचं घर तयार. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. धडधाकट माणूस बहुतेकदा निभावतो. वय झालेला, प्रतिकारशक्ती कमी झालेला माणूस नाही निभावत. आणि असे लोक एका छताखाली कुठे असतात? हॉस्पिटलात!

1985 मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या नव्याकोऱ्या रुग्णालयात 28 जण गेले. तिथे दोष निघाला छतावरच्या कूलिंग टॉवरचा. इमारत नवी म्हणून पाणी सुरक्षित, असं नसतं.

उपाय तसे साधेच: गरम पाणी 60 अंशांवर साठवायचं, बंद नळ नियमित सोडायचे, पाणी तपासायचं. पण हे काम डॉक्टरचं नाही, प्लंबिंग बघणाऱ्याचं. त्याचा फोटो कुठल्याच हॉस्पिटलच्या भिंतीवर लागत नाही.

आजी बरी झाली. तिला नेमका कुठला न्यूमोनिया होता, ते मी तेव्हा विचारलंही नाही. तुम्ही मात्र विचारा. भेटू पुढच्या भागात!