वरठीहून व्यवस्थापनशास्त्राकडे : एमबीए अभ्यासक्रमाची निवड आणि प्रवेशअर्ज

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव बाहेरच्या प्रवाशाला 'भंडारा रोड' या स्थानकाच्या नावानेच अधिक परिचित आहे. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरील हे स्थानक आणि गावालगतचा सनफ्लॅगचा पोलाद कारखाना या दोहोंनी वरठीला औद्योगिक गावाची ओळख दिली. वाणिज्य, विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर 'पुढे एमबीए करावे काय?' असा प्रश्न अशा गावातील पुष्कळ घरांत विचारला जातो. प्रश्न एका वाक्याचा असला तरी त्याच्या उत्तरात घरची बचत, क्वचित शेतीचा तुकडा, आणि पुढील दहा-बारा वर्षांचे बँकेचे हप्ते गुंतलेले असतात. म्हणून आमच्या वाचकांसाठी या विषयाची क्रमवार माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम हेतू, मग संस्था

बहुतेक विद्यार्थी संस्थांच्या यादीपासून आरंभ करतात. आमच्या मते आरंभ हेतूपासून व्हावा. एमबीए ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असून तीत लेखाशास्त्र व वित्त, विपणन, मनुष्यबळ, उत्पादन व पुरवठा व्यवस्था आणि माहिती विश्लेषण हे मुख्य विषय असतात. पोलाद कारखान्यात कनिष्ठ अभियंता असलेल्या तरुणाला उत्पादन व्यवस्थापनात वर जायचे असेल, तर त्याची गरज एक. बँकेत वा वित्तसंस्थेत जाऊ इच्छिणाऱ्या बी.कॉम. मुलीची गरज दुसरी. घरचा तांदळाचा वा भांड्यांचा व्यवसाय वाढवू पाहणाऱ्याची गरज तिसरी. 'मी दोन वर्षांनी कोणते काम करीत असेन?' या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने पाच-सहा ओळींत कागदावर लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर एक-दोन वर्षे नोकरी करून मग अर्ज करणे हा कमीपणा नव्हे. अनेक नामवंत संस्था कामाच्या अनुभवाला गुण देतात, आणि अनुभवी विद्यार्थ्याला वर्गातील चर्चाही अधिक उमजते.

अभ्यासक्रमांचे प्रकार

विद्यापीठ वा त्याच्याशी संलग्न महाविद्यालय 'एमबीए' वा 'एमएमएस' ही पदवी देते. स्वायत्त संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने 'पीजीडीएम' ही पदविका देतात. भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, पूर्वी पदविकाच देत असत. 2017 च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. नाव पदवीचे की पदविकेचे, याहून मान्यता चालू आहे की नाही हे महत्त्वाचे. परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव व मान्य जागांची संख्या स्वतः पाहावी, केवळ माहितीपुस्तिकेवर विसंबू नये.

नोकरी सोडणे शक्य नसलेल्यांसाठी दूरस्थ शिक्षणाचा मार्ग आहे. 1985 मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 पासूनचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन नावे सर्वपरिचित आहेत. दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या वर्षासाठी आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे.

वरठीपासून जवळच्या व दूरच्या संस्था

आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे मोठे केंद्र नागपूर होय. 1923 मध्ये स्थापन झालेल्या व आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग आणि संलग्न महाविद्यालये तेथे आहेत. आयआयएम नागपूर 2015 मध्ये आयआयएम अहमदाबादच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. मिहान परिसरातील तिच्या कायमस्वरूपी वास्तूचे उद्घाटन मे 2022 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. 2004 पासूनची आयएमटी आणि सिम्बायोसिसचे केंद्र या खासगी संस्थाही नागपुरात आहेत.

मुंबईत 1965 मध्ये स्थापन झालेली जमनालाल बजाज संस्था आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था येथे राज्याच्या सामायिक परीक्षेतून प्रवेश मिळतो. पवईची 1963 पासूनची 'नीटी' ही संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली.

येशूसंघीय धर्मगुरूंनी या क्षेत्रात केलेले कार्य आमच्या वाचकांना ठाऊक असावे. जमशेदपूरची एक्सएलआरआय 1949 मध्ये फादर क्विन एनराइट यांनी स्थापिली. देशातील पहिल्या दोन आयआयएम त्यानंतर, 1961 मध्ये आल्या. फादर रोम्युअल्ड डिसोझा यांनी 1993 मध्ये गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची स्थापना केली. भुवनेश्वरची झेवियर संस्था व चेन्नईची लोयोला संस्था याही त्याच परंपरेतील. मात्र संस्था ख्रिस्ती आहे म्हणून प्रवेश सुलभ वा शुल्क अल्प असेल, असा समज कोणी करून घेऊ नये. स्पर्धा व शुल्क या दोन्ही बाबतींत त्या अन्य अग्रगण्य संस्थांच्या पंक्तीत बसतात.

तीन प्रवेशपरीक्षा

*राज्याची सीईटी.* महाराष्ट्रातील विद्यापीठ विभाग व संलग्न महाविद्यालये यांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. ती साधारणतः मार्च ते मे या काळात होते. प्रश्न 200 व वेळ 150 मिनिटे असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. तर्कशक्तीच्या प्रश्नांचा वाटा सर्वांत मोठा असतो. नंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे 'कॅप'च्या फेऱ्या होतात.

*कॅट.* आयआयएम व अन्य अनेक संस्थांसाठीची ही परीक्षा नोव्हेंबरअखेरीस रविवारी होते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरावा लागतो. इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग असून प्रत्येकाला 40 मिनिटे मिळतात. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात व पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला 1 गुण कापला जातो. पदवीला किमान 50 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट 45 टक्के आहे. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

*झॅट.* एक्सएलआरआय ही परीक्षा जानेवारीच्या आरंभी घेते. व्यवहारातील पेचप्रसंगी योग्य निर्णय कोणता, याची पारख करणारा स्वतंत्र विभाग हे तिचे वैशिष्ट्य होय.

नागपूर हे या परीक्षांचे केंद्र असल्याने वरठीच्या उमेदवाराला दूर जावे लागत नाही. तथापि अर्जात शहरांचा पसंतिक्रम लवकर व विचारपूर्वक भरावा. आणखी एक बाब ध्यानी असावी : मुलाखतीसाठी निवड करताना अनेक आयआयएम दहावी, बारावी व पदवीचे गुणही मोजतात. हे गुण आता बदलता येत नाहीत. म्हणून ज्या संस्थेच्या निकषांत आपण बसतो तिचाच अर्ज भरावा. त्यामुळे शुल्कही वाचते.

शुल्क व कर्ज : हप्त्याचे गणित

आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क आता बहुतेक ठिकाणी 15 लाख रुपयांहून अधिक आहे. शासकीय संस्था व विद्यापीठ विभाग यांचे शुल्क त्या मानाने बरेच कमी असते. समजा, 20 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 26,400 रुपये होतो. 4 लाखांच्या कर्जाचा हप्ता याच हिशेबाने सुमारे 5,300 रुपये. शिक्षणकाळातील व्याज यात धरलेले नाही. नोकरीच्या पहिल्या पगारातून घरभाडे, जेवणखाण व हप्ता जाऊन काय उरेल, हा हिशेब मायबापांनी व मुलांनी एकत्र बसून करावा.

बँकांच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने फेड सुरू होते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत मानांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात 3 टक्के व्याजसवलतीचीही तरतूद आहे. राज्यात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती यांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जास ख्रिस्ती विद्यार्थीही पात्र असतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'परीक्षेची गरज नाही, जागा मिळवून देतो' असे सांगणारे मध्यस्थ दरवर्षी फिरत असतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास शाहू महाराज शिष्यवृत्ती व पीएम-विद्यालक्ष्मी यांचा लाभ मिळत नाही. म्हणजे जो पैसा वाचला असता तोही जातो, आणि वर मध्यस्थाचे देणे होते. अशा व्यक्तीला एक रुपयाही देऊ नये.

पगाराचे आकडे कसे वाचावेत

संस्था 'सरासरी पगार' ठळक अक्षरांत छापतात. पाच विद्यार्थ्यांना अनुक्रमे 6, 6, 7, 7 व 34 लाख रुपये मिळाले, तर सरासरी 12 लाख येते, पण पाचांपैकी चौघांना 7 लाख वा त्याहून कमीच मिळालेले असतात. त्यामुळे मधला आकडा, म्हणजे मध्यक, विचारावा. येथे तो 7 लाख आहे. 2016 पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्था जी माहिती सादर करतात तीत नोकरी मिळालेल्यांची संख्या व मध्यक पगार दिलेला असतो. ही माहिती सर्वांना खुली आहे. शिवाय त्या संस्थेतून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या किमान दोघांशी बोलावे.

कागदपत्रांची तयारी

पुष्कळ प्रवेश गुणांअभावी नव्हे, तर दाखल्यांअभावी हुकतात. पुढील कागद प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी जमवावेत :

1. दहावी, बारावी व पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका.
2. शाळा सोडल्याचा दाखला. अल्पसंख्याक संस्थेतील राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांनी त्यावर धर्माची नोंद आहे काय, हे आजच पाहावे. स्नानसंस्काराचा दाखलाही आपल्या धर्मग्रामातून घेऊन ठेवावा.
3. अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, तसेच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.
4. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, आणि इतर मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो.
5. नावातील फरक. आधारपत्र, गुणपत्रिका व बँक खाते यांवर नाव व आडनाव एकसारखे असावे.

निवेदन व मुलाखत

परीक्षेनंतर आयआयएम व अन्य संस्था लेखन-परीक्षा व मुलाखत घेतात. 'एमबीए का?' हा प्रश्न तेथे हमखास येतो. आरंभी कागदावर लिहिलेल्या पाच-सहा ओळी येथे कामी येतात. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा स्वतःच्या परिसराची जाण अधिक प्रभावी ठरते. वरठीच्या उमेदवाराला पोलादाचा कच्चा माल कोठून येतो, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्गचे मँगनीज कोठे जाते, भंडाऱ्याच्या तांदळाला भाव कसा मिळतो, मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या विणकराला बाजारपेठ का अपुरी पडते, हे सांगता आले पाहिजे. व्यवस्थापनशास्त्राचे प्रश्न हेच आहेत, आणि ते आपल्या अंगणातले आहेत. इंग्रजीचे भय बाळगू नये. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश मोठ्याने सांगण्याचा सराव वर्षभर केल्यास जीभ वळू लागते.

शेवटी

अर्ज किती भरावेत? आमच्या मते पाच ते सहा पुरेत : दोन आकांक्षेचे, दोन आपल्या गुणांशी जुळणारे, आणि एक-दोन जवळचे व अल्प शुल्काचे. शेवटच्या गटाला कोणी दुय्यम लेखू नये. घरून नागपूरला ये-जा करून अल्प कर्जात पूर्ण केलेली पदवी, मोठ्या नावाच्या पण डोईजड कर्जाच्या पदवीपेक्षा कित्येक कुटुंबांना अधिक स्वातंत्र्य देते. ज्याला खरोखर अग्रगण्य संस्थेत प्रवेश मिळतो त्याने मात्र केवळ शुल्काच्या धाकाने माघार घेऊ नये, वर सांगितलेल्या योजनांची चौकशी आधी करावी.

परीक्षेच्या तारखा व शुल्क दरवर्षी बदलतात, तेव्हा अंतिम माहिती संबंधित अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. ज्यांच्या घरी हा प्रश्न यंदा उभा आहे, त्यांनी हा मजकूर मुलांसमवेत वाचावा, आणि अर्जाआधी ती पाच-सहा ओळींची टिपणी लिहून घ्यावी, ही आमची विनंती.