सातबारा नसलेल्याचेही पाणी : नायगावची पाणी पंचायत

#थ्रेड #इतिहास

१/१५
एका गावात दोन कुटुंबे आहेत. दोन्हींत पाच-पाच माणसे. एकाकडे २० एकर जमीन, दुसऱ्याकडे ३ एकर. गावात सर्वांच्या कष्टाने पाणी अडवले गेले, तर कोणाला किती पाणी मिळावे? सुमारे ५० वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यात या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर दिले गेले : दोघांनाही सारखेच.

२/१५
पुरंदर म्हटले की १६६५ चा तह आठवतो. परंतु त्या किल्ल्याच्या पूर्वेला पसरलेला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, तोही लहरी. कऱ्हेचे पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे. येथील शेतकऱ्याला तहापेक्षा तहानेचा इतिहास अधिक जवळचा.

३/१५
१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे कंबरडे मोडले. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. या कामांनी असंख्य जीव जगवले, हे निर्विवाद. मात्र अनेक ठिकाणी काम म्हणजे खडी फोडणे. मजुरी हाती येई. पुढच्या दुष्काळाचे कारण जागेवरच राही.

४/१५
पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताई त्या काळात पुरंदरच्या गावांतून हिंडले. एवढे मनुष्यबळ पाणी आणि माती अडवण्याच्या कामी का लावू नये, हा प्रश्न साळुंखे यांना पडला. त्यातूनच १९७४ मध्ये ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ ही संस्था उभी राहिली.

५/१५
हा विचार या मातीला सर्वस्वी नवा नव्हता. ज्यांच्या घराण्याचे नाते पुरंदरमधील खानवडीशी आहे, त्या महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच मार्ग सुचवला होता. सरकारने लष्करातील व पोलिसांतील माणसे लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

६/१५
प्रयोगासाठी जागा हवी होती. नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेण्यात आली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळीत बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला आणि त्याच्या खालच्या अंगाला विहीर खोदली. तलावात मुरलेले पाणी विहिरीत उतरे आणि पंपाने पुन्हा वरच्या शेतांना मिळे.

७/१५
जिथे कुसळे उगवत, तिथे धान्य पिकू लागले. आजूबाजूचे शेतकरी पाहण्यास आले. खरी कसोटी येथूनच सुरू झाली. पाणी अडवणे हा अभियांत्रिकीचा प्रश्न होता आणि तो सुटला होता. अडवलेले पाणी कोणाचे, हा मात्र न्यायाचा प्रश्न होता.

८/१५
रूढ कायद्याचे उत्तर ठरलेले होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार स्वतःच्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मिळतो. म्हणजे जमीन मोठी त्याचे पाणी मोठे. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला पाणीही नाही.

९/१५
पाणी पंचायतीने ही गाठ तोडली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. त्यामुळे आरंभीच्या उदाहरणातील दोन्ही कुटुंबांना अडीच एकरांचेच पाणी. मोठ्या शेतकऱ्याची उरलेली जमीन पावसाच्या भरवशावर.

१०/१५
दुसरा नियम त्याहून धाडसी होता. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली, तरी तिच्याबरोबर पाणी विकता येणार नाही. तो हक्क समूहाकडे परत जाईल. ज्या व्यवस्थेत पाणी हे जमिनीचे शेपूट मानले जात होते, तिथे ते प्रथमच माणसाच्या नावे लागले.

११/१५
तिसरा नियम महाराष्ट्राच्या राजकारणालाच हात घालणारा : ऊस लावायचा नाही. कारण हिशेबाचे होते. एका एकर उसाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी-बाजरी भिजते. सहकारी साखर कारखाने ही ग्रामीण सत्तेची केंद्रे होत असताना काही कोरडवाहू शेतकरी स्वखुशीने हे बंधन पत्करत होते.

१२/१५
योजना फुकट नव्हती. खर्चाचा २० टक्के वाटा शेतकऱ्यांनी आधी उभा करायचा. ५० टक्के सरकारी अनुदान आणि ३० टक्के प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज. योजना एकट्यादुकट्यासाठी नव्हे, गटासाठीच. वाटपावर गटाचे पंच देखरेख ठेवत. खानदेशातील जुन्या फड पद्धतीतही शेतकरी मिळून पाणी वाटून घेत. पण तिथे आधार जमिनीचाच होता.

१३/१५
मर्यादाही तेथेच होत्या. उपसा योजना विजेवर आणि सरकारी मंजुरीवर अवलंबून. शिवाय नियम बांधील होते ते केवळ सामील झालेल्यांवर. शेजारच्या सधन शेतकऱ्याने खोल बोअर मारली, तर त्याला रोखण्याचा अधिकार पंचायतीला नव्हता. संमती हीच तिची ताकद आणि तीच तिची दुबळी बाजू.

१४/१५
तरीही समन्यायी पाणीवाटपाचा विचार दूरवर पोहोचला. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण उभारण्याचा घाट घातला. नदीतील वाळूच्या विक्रीतून त्यासाठी पैसा उभा करण्यात आला. तिथेही आग्रह हाच : पाणी प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांत ही मागणी गाजत राहिली.

१५/१५
विलासरावांचे निधन २००२ मध्ये झाले. त्याच वर्षी ओरिसाने ‘पाणी पंचायत’ याच नावाचा कायदा केला. पण त्यात सभासदत्व जमीनधारकांना. महाराष्ट्राने २००५ मध्ये पाणीवापर संस्थांचा कायदा केला, तोही लाभक्षेत्रातील जमीनधारकांपुरता. नाव कायद्यात गेले, शेतकऱ्यांचा सहभाग कायद्यात आला; माणशी अर्धा एकर मात्र नायगावच्या माळावरच राहिला. पाणी अडवा, पाणी जिरवा ही हाक आज गावोगावी पोहोचली आहे. जिरलेले पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यावर अजूनही १८८२ चेच आहे.