कोसोव्होतील नगरपालिका : तळटीप

ज्या मजकुराला ही तळटीप आहे, त्याचा लेखक कोसोव्होच्या सात जिल्ह्यांना सत्तेची केंद्रे मानतो. ते पटणारे नाही. जिल्ह्यांना लोकांनी निवडलेली सभाच नाही. केंद्र सरकारखाली खरी पायरी एकच, ती म्हणजे ३८ नगरपालिका, आणि खेडीही त्यांच्यातच मोडतात. शाळा, प्राथमिक आरोग्य, पाणी ही कामे त्यांच्याकडे असतात आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. पण हद्दी केवळ कारभाराच्या सोयीने आखल्या असत्या, तर पार्तेश किंवा क्लोकोत अशा चिमुकल्या नगरपालिका निघाल्याच नसत्या. कोसोव्होच्या दर्जाविषयीच्या अहतिसारी आराखड्यानुसार त्या सर्ब बहुसंख्येसाठी मुद्दाम कोरून काढल्या गेल्या. अशाच ग्राचानित्सा नगरपालिकेला तर दुय्यम आरोग्यसेवेचाही वाढीव अधिकार मिळाला. यातून वांशिक फाळणीच पक्की झाली, हा आक्षेप पोकळ नाही. एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेतल्या चार सर्बबहुल नगरपालिकांच्या स्थानिक निवडणुकीत सर्बांच्या बहिष्कारामुळे जेमतेम साडेतीन टक्के मतदान झाले. तरीही दोष हद्दींचा म्हणता येत नाही, कारण तशाच हद्दींच्या ग्राचानित्सात सर्ब मतदार आपली नगरपालिका चालवतात. उत्तरेचे दुखणे वेगळे आहे: तिथल्या सर्बांना प्रिश्तिनाचे, म्हणजे कोसोव्हो सरकारचे, सार्वभौमत्वच मान्य नाही, आणि २०१३ मध्ये सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यात ब्रुसेल्सला कबूल झालेला सर्बबहुल नगरपालिकांचा संघ दहा वर्षांनंतरही कागदावरच होता.