तळटीप २३ : जाळीची लिफ्ट

२३. जाळीची लिफ्ट : लोखंडी पिंजऱ्याची, घडीच्या दाराची जुनी लिफ्ट. बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही दारे खडखडत ओढून पक्की लागल्याशिवाय ती हलत नसे. मूळ मजकुरात समुद्रपूरच्या मामांच्या धोतराचा सोगा अडकतो तो या दोन दारांमध्ये. ओटिस यांची पहिली प्रवासी लिफ्ट १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानातच बसली. तेव्हा ‘गिऱ्हाईक वर ओढायचा रहाट’ हे मामांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मजकुरातले ‘व्हाइटवे’ म्हणजे मुंबईच्या हॉर्नबी रोडवरचे (आता दादाभाई नौरोजी मार्ग) व्हाइटवे लेडलॉ. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले. मुंबई प्रांतातला लिफ्टचा कायदा १९३९ चा. सरकत्या जिन्यांचा समावेश महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात झाला.