बेपत्ता : एका लेफ्टनंटचा आणि एका शिपायाचा माग

१/
२७ सप्टेंबर १९१५. फ्रान्समधील लूसच्या रणभूमीवर आयरिश गार्ड्सच्या दुसऱ्या बटालियनने चॉक पिट वूड या लहानशा रानाच्या दिशेने चढाई केली. संध्याकाळी हजेरी घेतली तेव्हा एक तरुण अधिकारी सापडेना. त्याला अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्याचे नाव जॉन किपलिंग.

२/
जॉनचे वडील रुडयार्ड किपलिंग हे त्या काळातील इंग्रजी भाषेचे सर्वांत विख्यात लेखक. त्यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. जॉनची दृष्टी अधू असल्यामुळे सैन्याने त्याला नाकारले होते. किपलिंग यांनी आपले स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि मुलाला कमिशन मिळाले.

३/
मुलगा 'जखमी आणि बेपत्ता' असल्याचे कळल्यावर माता-पित्यांनी शोध आरंभला. रुग्णालयांतून पडलेल्या आयरिश गार्ड्सच्या सैनिकांना ते भेटले, ओळखीपाळखीच्या मंडळींना पत्रे धाडली, मिळेल ती साक्ष टिपून घेतली. साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एवढा नावलौकिक आणि एवढ्या ओळखी असूनही किपलिंग यांना १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलाची कबर सापडली नाही.

४/
याच काळात, १९१७ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचे ते सदस्य झाले. ओळख न पटलेल्या सैनिकाच्या शिळेवर कोरायचे शब्द त्यांनीच सुचवले. 'हा कोण, ते देवालाच ठाऊक' असा त्यांचा आशय. शिवाय मुलाच्या पलटणीचा युद्धेतिहास त्यांनी दोन खंडांत लिहून १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. शोध हाती लागला नाही, तेव्हा त्यांनी इतिहास लिहिला.

५/
उत्तर मात्र कागदांतच दडलेले होते. १९१९ मध्ये रणभूमीवर विखुरलेली प्रेते गोळा करणाऱ्या पथकाला आयरिश गार्ड्सच्या एका लेफ्टनंटचा देह मिळाला. नाव कळले नाही. पथकाने नकाशावरील चौकोनाचा क्रमांक नोंदवला : जी-२५. देह सेंट मेरीज दफनभूमीत पुरला गेला आणि शिळेवर किपलिंग यांनीच सुचवलेले ते शब्द आले.

६/
१९९२ मध्ये आयोगाच्या अभिलेख विभागाने ही नोंद पुन्हा तपासली. जी-२५ या चौकोनात आयरिश गार्ड्स लढलेच नव्हते. चॉक पिट वूड आहे एच-२५ मध्ये. त्या नकाशांवर अक्षरांकित चौकोनाची रुंदी ६००० यार्ड, म्हणजे एका अक्षराच्या चुकीने देह सुमारे साडेपाच किलोमीटर दूर 'सापडला'. अक्षर दुरुस्त केले आणि बेपत्ता लेफ्टनंटांची यादी पडताळली, तेव्हा एकच नाव उरले.

७/
वाद येथे संपला नाही. १९९८ मध्ये काही संशोधकांनी आक्षेप घेतला : जॉनची लेफ्टनंटपदी बढती राजपत्रात आली नोव्हेंबर १९१५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर. मग लढाईच्या दिवशी त्याच्या अंगावर लेफ्टनंटचे चिन्ह कसे? २०१६ मध्ये अन्य अभ्यासकांनी बढतीची कागदपत्रे आणि नकाशांच्या नोंदी नव्याने तपासून आयोगाचा निष्कर्ष उचलून धरला. शिळेवर आज जॉनचेच नाव आहे.

८/
या प्रकरणातून शोधाची रीत स्पष्ट होते. लष्करी नोंद सांगते की माणूस कोणत्या तुकडीत, कोणत्या दिवशी, कोठे होता. दफनाची नोंद सांगते की देह कोठे मिळाला. तिसरा दुवा वारशाचा : माणसामागे काय उरले आणि ते कोणाला मिळाले. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेल्या असतात. म्हणूनच त्या परस्परांची चूक पकडू शकतात.

९/
ब्रिटिश सैनिकाच्या बाबतीत हा तिसरा दुवाही भक्कम आहे. त्याच्या पगारपुस्तिकेतच मृत्युपत्रासाठी एक पान असे. अशी दोन लाखांहून अधिक मृत्युपत्रे २०१३ पासून ऑनलाइन पाहता येऊ लागली. इंग्लंड आणि वेल्समधील प्रोबेटची छापील सूची तर १८५८ पासून सलग आहे. तीत मृत्यूची तारीख, बहुधा ठिकाण आणि मिळकत ज्याच्या हाती सोपवली त्याचे नाव मिळते.

१०/
आता त्याच वर्षीच्या मेसोपोटेमियाकडे वळू. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई झाली, माघार घेतलेले सैन्य ७ डिसेंबरपासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले. अनेकांना रास-अल-ऐन येथे लोहमार्गाच्या कामाला जुंपले गेले. उपासमार, हगवण आणि उन्हाने शेकडो वाटेतच गेले.

११/
समजा, रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील एखादे कुटुंब आज आपल्या पणजोबांचा शोध घेते आहे. घरात एवढेच ऐकलेले : 'बसऱ्याला गेले, परत आले नाहीत.' किपलिंग कुटुंबाचीच ही स्थिती, पण ओळखी नाहीत आणि कागद निराळे.

१२/
पहिली अडचण समाधीची. हिंदू शिपायाच्या देहाला अग्नी देण्याची प्रथा; म्हणून कबर शोधण्यात अर्थ नसतो, स्मारकाची नोंद शोधावी लागते. मेसोपोटेमियात ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी पलटणीच्या नावाखाली कोरला गेला केवळ एक आकडा.

१३/
ही हयगय नव्हती, धोरण होते. मृत्यूनंतर सर्व सैनिक समान, हे आयोगाचे घोषित तत्त्व; युरोपात ते बव्हंशी पाळले गेले. फ्रान्समधील नव्ह शापेलच्या स्मारकावर १९२७ मध्ये ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली गेली. बसऱ्यात तोच न्याय लावला गेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या अहवालात मान्य केले की आशिया व आफ्रिकेतील किमान १,१६,००० मृतांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची, नावानिशी दखल घेतलीच गेली नाही.

१४/
तरीही माग काढता येतो. शिळेवर नसलेली नावे आयोगाच्या नोंदवह्यांतून मिळू शकतात. त्यांत पलटण, क्रमांक, वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा असा तपशील अनेकदा असतो. येथे सावधगिरी हवी. क्रमांक त्या पलटणीपुरताच एकमेव असतो. दुसऱ्या पलटणीत तोच क्रमांक दुसऱ्याचा असू शकतो. गावाचे नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. आणि 'खेड' तालुका पुण्यातही आहे, रत्नागिरीतही.

१५/
पलटणींची नावेही बदलली. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३वी, १०५वी, ११०वी, ११६वी आणि ११७वी या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या, तर ११४वी तिची प्रशिक्षण बटालियन. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. घरातल्या बिल्ल्यावर जुना क्रमांक आणि कागदावर नवे नाव दिसले, तर ती दोन माणसे मानू नयेत. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधील युद्धदैनंदिन्यांत पलटणीची रोजची हालचाल मिळते. शिपायाचे नाव मात्र तीत क्वचितच. अधिकारी नावाने मरतो, शिपाई संख्येने.

१६/
उरतो वारसा. शिपायामागे प्रोबेट नसे. त्याच्या सेवानोंदीत, म्हणजे शीट रोलमध्ये, वारसाचे नाव लिहिलेले असे आणि त्याआधारे विधवेला किंवा आईवडिलांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळे. दुसरा दुवा जमिनीचा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. खातेदार मेला की गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद पडते : मयत कोण, वारस कोण. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, अर्थात कोतवाल बुक. पण परदेशी मेलेला माणूस तेथे सापडेलच असे नाही.

१७/
फेरफार वाचताना दोन संक्षेप ध्यानात ठेवावेत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावाने जमीन असली, तर फौजेत गेलेल्या धाकट्याचे नाव उताऱ्यावर नसणे स्वाभाविक. त्यामुळे 'नाव नाही' याचा अर्थ 'माणूस नव्हता' असा होत नाही. दुसरा 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असे आढळले, तर वडील त्या तारखेपूर्वी गेले असावेत, असा तर्क करता येतो.

१८/
तारीख मात्र फसवी असू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार, ज्यांना कळायला हवे होते त्यांना सात वर्षे माणसाची वार्ता मिळाली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येत असे. म्हणून १९१६ मध्ये बेपत्ता झालेल्या शिपायाच्या वारसांची नोंद १९२३ किंवा त्याहून उशिराची निघाली, तर नवल नाही. ती त्याच्या मृत्यूची तारीख नसून घरच्यांनी आशा सोडल्याची तारीख असते. फेरफाराचे वर्ष थेट मृत्यूचे वर्ष म्हणून वंशावळीत लिहू नये.

१९/
म्हणून शोध घराकडून बाहेर न्यावा. आधी सातबाऱ्यावरून जुने फेरफार आणि वारसनोंदी. मग ट्रंकेतील पदके, कारण पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. मग आयोगाची नोंद, रेजिमेंटचे अभिलेख, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. साताऱ्याजवळच्या 'अपशिंगे मिलिटरी'सारख्या गावांत महायुद्धाचे स्मारक आजही उभे आहे. अनेक गावांच्या संगमरवरी पाट्यांवर मात्र किती गेले आणि किती मेले, एवढेच लिहिलेले असते.

२०/
जॉन किपलिंगला नाव परत मिळाले, कारण त्याच्या मागे कागदांची साखळी शाबूत होती आणि ती तपासणारी संस्थाही होती. कुतच्या शिपायाच्या साखळीतील अनेक कड्या तलाठी कार्यालयाच्या दप्तरात आणि घरातल्या ट्रंकेत आहेत. त्या जीर्ण होत आहेत, आणि 'बसऱ्याला गेले' एवढे तरी सांगू शकणारी पिढीही आता थकली आहे. बसऱ्याच्या शिळेवर आकडा आहे. त्या आकड्यातले एखादे नाव गावच्या फेरफारात अजून वाचता येईल. ते आत्ताच उतरवून घ्यावे.